समनरच्या न्यायालयात मुलांना एकदा घेऊन जा

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस

विषय : मिसिसिपी राज्यातील समनर येथील टॅलाहाची काउंटीच्या न्यायालयाला मुलांसह भेट देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातील दिवाणी न्यायालयांत तेहतीस वर्षे नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, पुढे नाझर झाले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मुलगी मेम्फिसला असल्यामुळे अलीकडे वर्षातले तीन-चार महिने माझा मुक्काम तिच्याकडे असतो. दूरच्या गावांतून मराठी मंडळांच्या सहली मेम्फिसला येतात, एल्विस प्रेस्लीचे घर पाहतात, मिसिसिपी नदीच्या काठी डबे सोडतात आणि वेळ उरला तर लोरेन मोटेलमधील नागरी हक्क संग्रहालयही पाहतात, हे मी पाहिले आहे. अशाच एका मंडळाच्या बैठकीत, येथून दक्षिणेला दीड-दोन तासांवर असलेल्या समनर या गावच्या न्यायालयात, जिथे १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला, मुलांना न्यावे, असे मी सुचवले. त्यावर एका तरुण सदस्याने अतिशय आदराने मला उत्तर दिले, "काकू, तो त्यांचा इतिहास आहे, आपला नाही. आणि मुलांना इतके भयंकर काही कशाला दाखवायचे?" उत्तर देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. तशीच भावना अनेकांची असेल, हेही मला कळते. मात्र त्या बैठकीत मला नीट बोलता आले नाही. जे बोलायचे राहिले, ते या पत्रात लिहीत आहे आणि एकाच मंडळाला न लिहिता सर्वांना लिहीत आहे.

काउंटीला आपण सवयीने जिल्हा म्हणतो, पण टॅलाहाचीसारख्या ग्रामीण काउंटीची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच आहे. आज तेथे पंधरा हजारांहूनही कमी लोक राहतात. १८३३ साली स्थापन झालेल्या या काउंटीला दोन मुख्य गावे आहेत आणि म्हणून दोन न्यायालये आहेत. पूर्वेकडे चार्ल्सटन, जिथे टेकड्यांचा प्रदेश सुरू होतो, आणि पश्चिमेकडे सपाट काळ्या जमिनीत, कापसाच्या मुलखात, समनर. मिसिसिपी राज्यात अशा दोन मुख्य गावांच्या काउंटी एकूण दहा आहेत. रस्ते चिखलाचे, नद्यांना वरचेवर पूर, आणि न्यायालयात जायचे तर दिवस मोडायचा, अशा काळात ही सोय झाली. सावित्री नदीच्या पुराने तारखा बुडालेल्या पक्षकारांचे अर्ज ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. समनरला दुसऱ्या विभागाचे न्यायालय विसाव्या शतकाच्या आरंभी आले, पहिली इमारत काही वर्षांतच जळाली आणि सध्याची इमारत १९१०च्या सुमारास उभी राहिली.

इमारत विटांची आणि दुमजली आहे, खिडक्या कमानदार आहेत, वर मनोरा आहे. भोवती हिरवळ, हिरवळीभोवती चौक आणि चौकाभोवती दुकानांची एक-एक ओळ एवढाच गावाचा मध्यभाग. लोकवस्ती काही शे. हिरवळीवर १९१३ साली उभारलेला एक पुतळा आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैनिकांचे ते स्मारक असून त्यावर 'आमचे वीर' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. न्याय मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गोरा असो की काळा, या पुतळ्याजवळूनच दाराकडे जावे लागे. दाराशी कोणाचा पुतळा उभा आहे यावरून आत काय मिळेल याचा अंदाज पक्षकार बांधतो, हे न्यायालयात आयुष्य घालवलेली व्यक्ती म्हणून मी खात्रीने सांगू शकते.

१९५५च्या सप्टेंबरमध्ये या इमारतीत पाच दिवस जो खटला चालला, त्याची हकीगत आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. तरीही ती क्रमाने सांगते, कारण माझे पुढचे सारे म्हणणे तिच्यावर उभे आहे.

एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आईच्या मावशीच्या यजमानांकडे, मोझ राइट यांच्याकडे, मिसिसिपीतील मनी या गावाजवळ आला. जसा आपला मुलगा मुंबईहून मे महिन्यात आजोळी येतो, तसा. २४ ऑगस्टला तो मनीच्या किराणा दुकानात गेला. दुकानावर बसलेल्या गोऱ्या बाईशी तो आगळिकीने वागला असा आरोप झाला आणि २८ ऑगस्टच्या पहाटे, अजून अंधार असताना, तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम हे दोघे मोझ राइट यांच्या घरातून त्या मुलाला उचलून घेऊन गेले. ३१ ऑगस्टला टॅलाहाची नदीत त्याचे प्रेत सापडले. कापसाच्या जिनिंगमधला सुमारे ७५ पौंडांचा लोखंडी पंखा काटेरी तारेने त्याच्या गळ्याला बांधलेला होता. अपहरण शेजारच्या लफ्लोर काउंटीत झाले होते, पण प्रेत टॅलाहाची काउंटीच्या हद्दीत मिळाले, म्हणून खुनाचा खटला समनरच्या न्यायालयात आला.

काउंटीचा शेरीफ एच. सी. स्ट्रायडर हा स्वतः मोठा कापूस-जमीनदार. प्रेत तिथेच तातडीने पुरून टाकावे अशी त्याची इच्छा होती आणि खड्डाही खणायला घेतला गेला होता. एमेटची आई मेमी हिने प्रेत शिकागोला आणवले आणि शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाला दिसू द्या, असा तिचा निर्धार होता. हजारो लोकांनी ते विद्रूप मुख पाहिले आणि 'जेट' या नियतकालिकातील छायाचित्रामुळे ते देशभर पाहिले गेले.

१९ सप्टेंबरला समनरमध्ये कामकाज सुरू झाले. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर, मुलगा वाढवायला हे गाव चांगले आहे, अशा अर्थाची ओळ होती आणि बाहेरगावाहून आलेल्या वार्ताहरांनी ती टिपून घेतली. वरच्या मजल्यावरचे दालन खच्चून भरले होते, उकाडा असह्य होता. कृष्णवर्णीय वार्ताहरांना इतरांबरोबर बसू दिले गेले नाही. त्यांच्यासाठी एका कडेला पत्ते खेळायचे घडीचे टेबल मांडले होते आणि त्याच टेबलाशी मुलाची आई बसली. मिशिगनहून आलेले कृष्णवर्णीय संसदसदस्य चार्ल्स डिग्ज यांनाही तिथेच जागा मिळाली. देशाच्या कायदेमंडळाचा सदस्य त्या दालनात पत्त्यांच्या टेबलाशी बसून खटला ऐकत होता, हे मुलांना आवर्जून सांगावे असे मला वाटते.

आरोपींच्या बाजूने समनरमधील पाचही वकील उभे होते. गावात सहावा वकील नव्हता. ज्यूरीत बारा गोरे पुरुष होते. आपल्याकडची ज्यूरी पद्धत बंद होऊनही बराच काळ लोटला, त्यामुळे तरुण वाचकांसाठी सांगते, की खून झाला की नाही आणि तो आरोपींनी केला की नाही, हे तिथे न्यायाधीश ठरवत नाही, गावातून निवडलेले पंच ठरवतात. ते पंच निवडले जातात मतदार यादीतून. टॅलाहाची काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते, कारण नाव नोंदवायला गेलेल्या माणसाला नोकरीपासून जिवापर्यंत काहीही गमवावे लागे. स्त्रियांना तर मिसिसिपीत १९६८पर्यंत ज्यूरीवर घेतच नसत. म्हणजे ती मुलाला मुकलेली आई, तिच्या शेजारचे वार्ताहर, आणि त्या खोलीत बसलेली प्रत्येक बाई, काळी किंवा गोरी, यांपैकी कोणालाही त्या बारा खुर्च्यांवर बसण्याचा अधिकार नव्हता.

या खटल्याकडे मी न्यायालयातल्या माणसाच्या नजरेने पाहते, तेव्हा मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे, की दालनातल्या कामकाजात वरवर पाहता फारसे काही चुकलेले दिसत नाही. न्यायाधीश कर्टिस स्वांगो यांच्याविषयी कृष्णवर्णीय वार्ताहरांनीही आदराने लिहिले आहे. दुकानातल्या बाईची साक्ष त्यांनी ज्यूरीला बाहेर पाठवून ऐकली, कारण दुकानातल्या प्रसंगाचा खुनाच्या आरोपाशी संबंध नाही असे त्यांचे मत होते. सरकारी वकील जेरल्ड चॅटम यांनी खटला मनापासून चालवला. साक्षीदारांचा पुकारा झाला, शपथा झाल्या, उलटतपास झाला. त्या पाच दिवसांचा रोजनामा मला तपासायला दिला असता, तर कदाचित मी त्यावर शेरा न मारता सही केली असती. अन्याय घडून गेला होता तो आधीच, आणि दालनाच्या बाहेर. मतदार यादी ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवशी.

२१ सप्टेंबरला मोझ राइट यांना बोलावले गेले. चौसष्ट वर्षांचे, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे, चर्चमध्ये प्रवचन करणारे गृहस्थ. त्या पहाटे घरात शिरलेला माणूस या दालनात आहे का, असे विचारल्यावर ते उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी मायलमकडे बोट दाखवले. मिसिसिपीत काळ्या माणसाने गोऱ्या माणसावर असा उघड आरोप करणे म्हणजे मरणाला आमंत्रण होते. मेम्फिसचे छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स यांनी तो क्षण टिपला, म्हणून आज तो आपल्याला दिसतो. छायाचित्रात मागे बसलेले लोक, राइट यांचा पांढरा सदरा, ताणलेला हात, सगळे आहे. दुसऱ्या दिवशी विली रीड या अठरा वर्षांच्या मुलाने, एका गोठ्यातून मारहाणीचे आणि किंकाळ्यांचे आवाज आपण ऐकले, अशी साक्ष दिली. साक्ष संपल्यावर त्याला शिकागोला पळून जावे लागले, तिथे त्याने नाव बदलले आणि बदललेल्या नावानेच उरलेले आयुष्य काढले. मोझ राइटही घरदार सोडून गेले. साक्ष देऊन पिंजऱ्यातून उतरलेल्या माणसाला पाणी विचारायची माझी सवय होती. समनरचे हे दोन साक्षीदार बाहेर पडून कुठे गेले असतील, हे वाचताना ती सवय मला आठवली.

आईचीही साक्ष झाली. नदीतून काढलेले प्रेत आपल्याच मुलाचे आहे आणि त्याच्या बोटातली अंगठी त्याच्या वडिलांची आहे, असे तिने शपथेवर सांगितले. अंगठीवर वडिलांच्या नावाची आद्याक्षरे होती. बचावाचे म्हणणे असे होते, की हे प्रेत एमेटचे नाहीच, आणि या म्हणण्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला तो खुद्द शेरीफ. ज्याने तपास करायचा तोच आरोपींचा साक्षीदार झाला. त्या प्रेताची ओळख पुढे २००५ साली थडगे उकरून झालेल्या डीएनए तपासणीत निर्विवाद पटली. २३ सप्टेंबरला ज्यूरी ६७ मिनिटांनी परत आली आणि दोन्ही आरोपींना निर्दोष सोडण्यात आले. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर इतकाही वेळ लागला नसता, असे एका पंचाने सांगितल्याची नोंद आहे. प्रेत सापडल्यापासून अवघ्या तेवीस दिवसांत निकाल. चार महिन्यांनी, १९५६च्या जानेवारीत, दोघांनी पैसे घेऊन 'लुक' नियतकालिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

यापुढचा भाग मला खटल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि सहली नेणारे मार्गदर्शक तो सहसा घाईने उरकतात. तो आहे दप्तराचा. या खटल्याच्या साक्षींची शब्दशः नोंद पुढे नाहीशी झाली. कित्येक दशके अभ्यासकांना वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर काम भागवावे लागले. २००४ साली केंद्रीय तपास यंत्रणेने प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा एक पुसट झालेली प्रत हाती लागली आणि ती अक्षर लावत लावत पुन्हा टंकलिखित करावी लागली. शेजारच्या लफ्लोर काउंटीच्या न्यायालयात तर २०२२च्या जूनमध्ये तळघरातल्या खोक्यात एक कागद सापडला. तो होता २९ ऑगस्ट १९५५चे अटक वॉरंट, आणि त्यात दोन पुरुषांबरोबर दुकानातल्या त्या बाईचेही नाव होते. ते तिच्यावर कधीच बजावले गेले नाही. तिला दोन लहान मुले आहेत, तिला त्रास द्यायचा नाही, असे त्या वेळच्या शेरीफने वार्ताहरांना सांगितले होते. २०२२च्याच ऑगस्टमध्ये ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांनी, तिच्यावर आरोप ठेवायला नकार दिला आणि २०२३च्या एप्रिलमध्ये ती वारली. सदुसष्ट वर्षे तो कागद तिथेच होता. बेलीफच्या हातात द्यायचा एक कागद, एवढेच त्याचे स्वरूप. माझ्या हाताखालच्या नव्या कारकुनांना मी सांगत असे, की समन्स किंवा वॉरंट 'न बजावता परत' आले तर कारणाचा रकाना कधी मोकळा सोडू नका. त्या वेळी ते मी शिस्तीसाठी सांगत होते.

समनरने पुढची पन्नास वर्षे या विषयावर तोंड उघडले नाही. ज्या घरांतून ते पंच आणि वकील आले त्याच घरांची मुले-नातवंडे गावात राहत होती, आणि ज्यांनी ते दिवस भीतीने काढले त्यांचीही. १९७०च्या दशकात नूतनीकरण होऊन दालनाचे रूप बदलले. पुढे इमारत खिळखिळी झाली आणि काउंटीकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांनी पुढाकार घेऊन २००६ साली एमेट टिल स्मारक आयोग नेमला. त्यात काळे आणि गोरे सदस्य समान संख्येने होते. इमारत वाचवायला बाहेरून निधी मिळवायचा तर तिच्यात काय घडले ते आधी मान्य करावे लागेल, हा व्यवहारही त्यामागे होता, आणि तो होता म्हणून त्या कामाचे मोल मला कमी वाटत नाही. जुनी इमारत आणि जुने पाप या दोहोंची जबाबदारी एकाच सभेत, एकाच टेबलाशी घ्यावी लागली, हे मला उलट योग्यच वाटते.

२ ऑक्टोबर २००७ रोजी न्यायालयासमोरच्या हिरवळीवर, टिल कुटुंबीयांच्या उपस्थितीत, या आयोगाने ठराव वाचून दाखवला. सलोख्याची सुरुवात सत्य सांगण्यापासून होते, न्याय मिळवून देण्यात आम्ही अपयशी ठरलो आणि तुमच्या मुलावर आमच्या गावात जे झाले त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे, असा त्याचा आशय होता. त्या ठरावातील शब्दांवर आधी बराच वाद झाला होता. आपण स्वतः न केलेल्या गोष्टीची माफी आपण का मागावी, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. अखेर सर्वांना सही करता येईल असा मजकूर तयार झाला. सभांची इतिवृत्ते मी आयुष्यभर लिहिली आहेत. दोन्ही बाजूंना मान्य होईल असे एक वाक्य मिळवायला किती बैठका लागतात, याची मला कल्पना आहे, म्हणून या ठरावाकडे मी नुसता समारंभ म्हणून पाहू शकत नाही.

सगळे गोड झाले असेही नाही. नदीकाठी लावलेला फलक वर्षभराच्या आत उखडून नेला गेला. पुन्हा लावला, त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणखी एकदा लावला, पुन्हा गोळ्या. २०१९ साली बसवलेला फलक जाड पोलादाचा, गोळी न भेदणारा आहे. न्यायालयाचे दालन मात्र चिकाटीने १९५५ साली जसे होते तसे पूर्ववत करण्यात आले आणि समोरच्या ओळीतल्या एका जुन्या दुकानात एमेट टिल माहिती केंद्र सुरू झाले. २५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या ब्याऐंशीव्या जन्मदिनी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी तीन जागांना मिळून राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. अंत्यसंस्कार झाले ते शिकागोचे चर्च, प्रेत जिथे सापडले असे मानले जाते तो नदीकाठ, आणि समनरचे न्यायालय. पुतळा मी गेले तेव्हा जागेवरच होता. त्याच हिरवळीवर एमेटविषयीचा फलकही आहे. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात आणि मुलांनी नेमके तेच पाहावे असे मला वाटते.

मुख्य म्हणजे ते आजही चालते न्यायालय आहे. वरच्या दालनात पर्यटक नसतील तेव्हा तारखा पडतात. मी तिथे तासभर बसले. उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश, लाकडी बाके, न्यायाधीशांचे आसन, ज्यूरीच्या जागा. साक्षीदाराच्या खुर्चीपासून आरोपींच्या टेबलापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे, की मोझ राइट यांनी हात लांब केला तेव्हा मधली जागा जवळजवळ संपली असणार. छायाचित्र कितीही वेळा पाहिले असले, तरी हे अंतर तिथे बसल्याशिवाय समजत नाही. मुलांना तिथे न्यावे, असे मी म्हणते ते यासाठी.

आता त्या आक्षेपाकडे वळते. हा आपला इतिहास नाही, हे म्हणणे मला वस्तुस्थितीला धरून वाटत नाही.

समनरच्या पश्चिमेला, मिसिसिपी नदीला लागून असलेल्या बोलिव्हर काउंटीत, रोझडेल या गावी मार्था लम या चिनी किराणा दुकानदाराच्या मुलीला गोऱ्या मुलांच्या शाळेतून बाहेर काढण्यात आले. तिच्या वडिलांनी दाद मागितली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ नोव्हेंबर १९२७ रोजी निकाल दिला, की राज्याने तिला कृष्णवर्णीयांच्या शाळेत पाठवले यात गैर काही नाही. त्याआधी चारच वर्षे, १९२३ साली, भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले होते, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही आणि म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. आपली मुले त्या काळी या कापसाच्या मुलखात असती, तर कोणत्या शाळेत गेली असती आणि मतदार यादीत कुणाच्या बाजूला असती, हा प्रश्न कल्पनेतला नाही, त्याचे उत्तर छापील निकालात आहे. एमेटच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ला, रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. तिथून पेटत गेलेल्या चळवळीने १९६४ आणि १९६५चे नागरी हक्क आणि मताधिकाराचे कायदे घडवले, आणि त्याच हवेत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्थलांतराचा तो कायदा झाला ज्याने वंश आणि मायदेश पाहून माणसे मोजण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. तोपर्यंत भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना येथे स्थायिक व्हायला परवानगी होती. आज आपली मंडळे, आपले गणेशोत्सव, आपल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा ज्या दाराने आत आल्या, ते दार उघडण्यासाठी ज्यांनी किंमत मोजली त्यांत समनरच्या दालनातली ती आई आणि ते दोन साक्षीदार आहेत.

दुसरी बाजू आपल्या घरची आहे. रोझडेलच्या त्या निकालानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १२ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला, आणि दोन दिवसांत चवदार तळ्यावर जाण्यास मनाई करणारा तात्पुरता हुकूम निघाला. तोही सारे नियम पाळूनच निघाला असणार. त्या दाव्याचा शेवट मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी, बाबासाहेबांच्या बाजूने झाला. त्याला सव्वानऊ वर्षे लागली. माझ्या नोकरीतली काही वर्षे महाडला गेली. दर २० मार्चला तळ्यावर लोटणारी गर्दी मी पाहिली आहे, पण हा दावा कुठल्या दालनात चालला, असे त्या गर्दीतल्या कुणीही मला कधी विचारले नाही आणि मीही कुणाला आपणहून सांगितले नाही. याची खंत मला समनरला जाऊन आल्यावर वाटू लागली. आपल्याकडे असे झालेच नाही असेही नाही. लोकमान्य टिळकांना १९०८ साली ज्या दालनात शिक्षा झाली, त्या दालनाबाहेर त्यांचे उद्गार कोरलेली शिळा मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ साली बसवली आणि मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तिचे अनावरण करताना प्रायश्चित्ताचीच भाषा वापरली. न्यायालयाने स्वतःच्या भिंतीवर स्वतःची चूक लिहून ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही.

मुले घाबरतील, हा दुसरा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना नेऊ नये. तेरा-चौदाच्या पुढच्यांना न्यावे. एमेट चौदाचाच होता. शवपेटीतले ते छायाचित्र आपणहून दाखवण्याची गरज नाही, मोझ राइट यांचे दाखवावे. जाण्याआधीच्या आठवड्यात मराठी शाळेच्या तासाला महाडच्या दाव्याची हकीगत मराठीतून सांगावी, म्हणजे दालनात बसल्यावर मुलांना तुलना आपोआप सुचेल आणि ती आपण त्यांच्या तोंडात घालावी लागणार नाही. न्यायालयाचे कामकाज असेल त्या दिवशी वरचे दालन मिळणार नाही, म्हणून समोरच्या माहिती केंद्राशी आधी बोलून दिवस ठरवावा आणि सहलीच्या वर्गणीतून त्या केंद्राला देणगी द्यावी. जेवणाचे डबे सोबत न्यावेत, गाव लहान आहे. एक विनंती आग्रहाची आहे. दालनात पोहोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे कुणीही बोलू नये, मार्गदर्शकानेही नाही. मुलांना हवे तिथे बसू द्यावे. कुणी ज्यूरीच्या जागेवर बसेल, कुणी साक्षीदाराच्या खुर्चीकडे पाहत राहील. त्यानंतर मतदार यादीची गोष्ट सांगावी.

मी मार्चअखेरीस मेम्फिसला येत आहे आणि जूनपर्यंत असेन. ज्या मंडळाला सोबत हवी असेल, त्याच्या बसमध्ये मी येईन आणि न्यायालयात कोणता कागद कुठून कुठे जातो, वॉरंट कोण काढतो आणि ते बजावायचे कुणी, हे मुलांना समजेल अशा भाषेत सांगेन. एप्रिलमध्ये तिकडे कापसाची पेरणी सुरू होते आणि हवाही सोसवेल अशी असते. मे उजाडल्यावर वरच्या मजल्यावरच्या त्या दालनात १९५५ साली किती उकडले असेल, याची कल्पना येऊ लागते. तेव्हा शक्य तर मे महिन्यातलाच दिवस ठरवावा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन अधीक्षक
(मुक्काम रायगड आणि मेम्फिस)